पदवीनंतरची पहिली नोकरी: विद्यार्थ्यांना शोधात नेमकी कोणती मदत करावी?

वाटाड्या

मी बरीच वर्षे महाविद्यालयात शिकवले. त्यांतली अखेरची काही वर्षे नोकरीविषयक मार्गदर्शनाचे कामही माझ्याकडे होते. निकालानंतरच्या पहिल्या महिन्यात विद्यार्थी उत्साहात असतात, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात भेटायला येतात आणि पाचव्या महिन्यापासून यायचे थांबतात. ज्यांना नोकरी लागली ते येत नाहीत हे स्वाभाविक आहे. पण ज्यांना लागली नाही तेही येईनासे होतात, कारण ‘अजून काही नाही’ हे उत्तर पुन्हा पुन्हा द्यायची त्यांना लाज वाटते. हा धागा त्या दुसऱ्या गटासाठी काढला आहे.

मदत करणारे आपण बहुतेक जण दोन चुका करतो, आणि त्या दोन्ही मी केल्या आहेत. पहिली चूक म्हणजे विद्यार्थ्याचे काम आपणच उरकून टाकणे. मी एका मुलाचा बायोडेटा रात्री बसून स्वतःच्या भाषेत लिहून दिला होता. मुलाखतीत त्यातल्याच एका वाक्याचा अर्थ विचारल्यावर त्याला तो सांगता आला नाही. दुसरी चूक उपदेशाची. ‘प्रयत्न सोडू नकोस’, ‘आत्मविश्वास वाढव’ असे आपण सांगतो, समोरचा मान डोलावतो, घरी जातो आणि पुन्हा एकटाच त्याच पडद्यासमोर बसतो. शिक्षणाला वर्ग असतो, वेळापत्रक असते, सोबती असतात, परीक्षेची तारीख असते. पदवी हाती पडली की हे सगळे एका दिवसात नाहीसे होते, आणि आजवर कधीच न केलेले काम मुलांनी कसल्याही आधाराशिवाय नीट करावे अशी आपण अपेक्षा धरतो.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ नेथन अ‍ॅझरिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये ‘जॉब क्लब’ या पद्धतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. नोकरी शोधणाऱ्यांना त्यांनी गटाने एकत्र बसवले, जोड्या लावून दिल्या, दूरध्वनी, टंकलेखन आणि जाहिरातींची सोय एकाच ठिकाणी केली आणि शोध हेच रोजचे काम मानून ते सर्वांसमोर करायला लावले. २ महिन्यांत या गटातील ९० टक्के लोकांना काम मिळाले. स्वतंत्रपणे शोधणाऱ्यांत हे प्रमाण ५५ टक्के होते. ते सगळे नवे पदवीधर नव्हते आणि काळही वेगळा होता, हे मान्य आहे. तरीही ते वाचल्यावर मी माझी पद्धत बदलली. आता आठवड्यातून एकदा ५ ते ७ जण २ तास एकत्र बसतात. प्रत्येक जण गेल्या आठवड्यात कोणाकोणाला लिहिले, कोणाचे उत्तर आले आणि कोणाचे आले नाही, हे वहीतून वाचून दाखवतो. मग उरलेल्या वेळात तिथेच बसून अर्ज लिहायचे, शेजाऱ्याला वाचायला द्यायचे आणि उठण्यापूर्वी पाठवायचे. मी फक्त फिरत असतो. विद्यार्थी एकमेकांच्या अर्जांतल्या ज्या उणिवा पकडतात, त्या मला अनेकदा दिसलेल्याही नसतात.

आपल्यापैकी अनेक जण भरतीच्या कामात आहेत, काही पालक आहेत, काही नुकतेच या वाटेवरून गेलेले आहेत. आपण काय करून पाहिले आणि त्याचे काय झाले, हे सविस्तर लिहावे अशी विनंती.

मेजापलीकडून

वाटाड्याजी, हा विषय काढल्याबद्दल आभार. मी दहा-अकरा वर्षे उमेदवार निवडण्याचे काम करते आहे, म्हणून टेबलाच्या या बाजूने काय दिसते ते लिहिते.

नवपदवीधरांच्या अर्जांत सर्वांत जास्त आढळतात ती विशेषणे: मेहनती, प्रामाणिक, जिज्ञासू, संघभावनेने काम करणारा. ही विशेषणे खोटी असतात असे नाही, पण शंभरांपैकी नव्वद अर्जांत तीच असल्यामुळे त्यांवरून मला कोणाचीही निवड करता येत नाही. मला क्रियापदे हवी असतात. एका मुलीच्या बायोडेटात ‘विज्ञान प्रदर्शनात सक्रिय सहभाग’ एवढेच होते. मुलाखतीत खोदून विचारल्यावर कळले की प्रदर्शनाला येणाऱ्या शाळांची नोंदणी आधी कागदावर होत असे, एकाच शाळेचे नाव दोनदा येई आणि वेळांचा घोळ होई. हिने स्वतःहून एक साधा तक्ता करून तो घोळ थांबवला होता. आम्हाला नेमके असे लक्ष असलेली व्यक्ती हवी होती, आणि ती गोष्ट तिने कागदावर लिहिलीच नव्हती. ती मुलाखतीपर्यंत पोचली हा निव्वळ योगायोग होता.

दुसरी गोष्ट म्हणजे अर्ज कोणाच्या गरजेतून लिहिला आहे. साधारण १४८२ साली लिओनार्दो दा विंची याने मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याच्याकडे काम मागताना लिहिलेल्या पत्राचा मसुदा आजही उपलब्ध आहे. त्यात तो क्रमाने सांगतो की आपण हलके पूल बांधू शकतो, खंदकातले पाणी काढू शकतो, तोफा आणि झाकलेले रथ करू शकतो. चित्रकलेचा उल्लेख अगदी शेवटी, जवळजवळ जाता जाता येतो. युद्धाच्या छायेत राहणाऱ्या राज्यकर्त्याला आधी कशाची गरज असेल, याचा विचार करून त्याने तो क्रम लावला असावा. विद्यार्थी मात्र दहावीच्या गुणांपासून सुरुवात करतात आणि जाहिरातीत मागितलेले कौशल्य दुसऱ्या पानावर छंदांच्या वर लिहितात.

थोडे तांत्रिकही सांगते. मोठ्या संस्थांत अर्ज आधी संगणकप्रणाली वाचते आणि त्यातील मजकूर वेगवेगळ्या रकान्यांत भरते. दोन स्तंभांची सजावट, चित्रांत बसवलेली अक्षरे, कौशल्य दाखवणाऱ्या रंगीत पट्ट्या यांमुळे हे वाचन अनेकदा चुकते. साधे एकस्तंभी पान, नेहमीची शीर्षके आणि कौशल्यांसाठी जाहिरातीतलेच शब्द (अर्थात ते कौशल्य खरोखर असेल तर) एवढे पुरते. आणि फाइलला स्वतःचे नाव द्यावे. ‘बायोडेटा अंतिम नवीन’ या नावाच्या फाइली माझ्याकडे इतक्या येतात की हव्या त्या वेळी त्यांतली एकही सापडत नाही.

नवी_पालवी

मी या वर्षी पदवी घेतली. गेल्या ३ महिन्यांत मी जवळपास ७० अर्ज केले आणि ४ ठिकाणांहून नकार आला; बाकीच्यांकडून काहीच नाही. वरचे प्रतिसाद वाचून माझ्या अर्जात काय चुकते आहे ते थोडे लक्षात आले. पण एक प्रश्न राहतोच. ज्याला त्याला विचारले की उत्तर येते, ‘ओळखी वाढव’. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मीच पहिली. आईवडिलांच्या ओळखीत कार्यालयात काम करणारे कोणीही नाही. मग मी ओळखी आणू कुठून? आणि एखाद्याशी केवळ कामासाठी ओळख काढणे मला अवघडही वाटते.

दुवा

नवी_पालवी, हा प्रश्न इतक्या स्पष्टपणे विचारलात हे फार बरे केलेत, कारण ‘ओळखी वाढव’ म्हणणारे लोक पुढचे काहीच सांगत नाहीत.

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये एक सिद्धान्त मांडला आणि पुढच्या वर्षी त्याच विषयावर पुस्तक लिहिले. अमेरिकेतील न्यूटन या शहरात नोकरी बदललेल्या २८२ पुरुषांचा त्यांनी अभ्यास केला होता. निम्म्याहून अधिक लोकांना नोकरी ओळखीतून मिळाली होती. अशांपैकी काहींना त्यांनी विचारले की ज्या व्यक्तीकडून नोकरीची माहिती मिळाली तिला तुम्ही त्या काळात किती वेळा भेटत होता. वारंवार भेटणारे केवळ १६.७ टक्के निघाले. अधूनमधून भेटणारे ५५.६ टक्के, आणि क्वचितच भेटणारे २७.८ टक्के. कारण विचार केला तर सहज पटते. जवळच्या मैत्रिणीला जे माहीत असते ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतेच. नवी बातमी येते ती वेगळ्या वर्तुळात वावरणाऱ्या माणसाकडून. २०२२ मध्ये लिंक्डइनच्या २ कोटींहून अधिक सदस्यांवरील एक मोठा अभ्यास ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. त्यातही मध्यम सैल ओळखी सर्वाधिक उपयोगी ठरल्या; अगदी जवळच्या नव्हेत आणि अगदी नावापुरत्याही नव्हेत.

म्हणजे आईवडिलांच्या ओळखी नसणे ही अडचण खरी असली तरी तिथेच सगळे थांबत नाही. तुमच्या महाविद्यालयातून २-३ वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या मुली, प्रयोगशाळेतले सहायक, ग्रंथपाल, एखाद्या व्याख्यानाला आलेले वक्ते, प्रकल्पासाठी जिथे माहिती मागितली होती तिथले कर्मचारी: हे सगळे त्या मधल्या वर्तुळातले लोक आहेत. त्यांची यादी करायला बसा. पहिल्या दहा नावांनंतर अडल्यासारखे वाटते, पण त्यापुढेच खरी उपयोगाची नावे आठवू लागतात.

अवघडलेपणाबद्दल सांगायचे तर त्यांच्याकडे नोकरी मागायचीच नाही. नोकरी त्यांच्या हातात नसते, त्यामुळे मागितली की ते संकोचतात आणि उत्तर देणे टाळतात. माहिती मागितली तर बहुतेक लोक आनंदाने बोलतात. मी विद्यार्थ्यांना साधारण असा मजकूर सुचवतो: ‘नमस्कार. मी आपल्याच विभागातून यंदा पदवी घेतली. आपण सध्या गुणवत्ता तपासणीचे काम करता असे कळले. मला या क्षेत्रात सुरुवात करायची आहे. नवख्या माणसाकडून पहिल्या वर्षी कोणते काम अपेक्षित असते हे समजून घेण्यासाठी आपली १५ मिनिटे मिळतील का? आपल्या सोयीची वेळ कळवावी.’ एवढेच. बोलणे झाल्यावर त्याच दिवशी आभार मानावेत, आणि त्यांनी सुचवलेली एखादी गोष्ट करून पाहिली असेल तर दोन-तीन आठवड्यांनी तसे कळवावे. या दुसऱ्या पत्राने ओळख टिकते, आणि ते पाठवणारे विद्यार्थी मला फार थोडे भेटले आहेत.

समतोल

दुवा यांच्या सूचना व्यवहारात उपयोगी आहेत हे मान्य करूनही मला एक आक्षेप नोंदवायचा आहे. नोकऱ्या ओळखीतून मिळतात हे जितके खरे, तितकेच हेही खरे की ओळखी सर्वांना सारख्या मिळत नाहीत, आणि अर्जही सारख्या नजरेने वाचले जात नाहीत. मारियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लइनाथन या अर्थशास्त्रज्ञांनी बॉस्टन आणि शिकागो येथील जाहिरातींना सुमारे ५००० बनावट बायोडेटा पाठवले होते. पात्रता तुल्यबळ ठेवून फक्त नावे बदलली होती. गोऱ्यांची वाटणारी नावे असलेल्यांना, कृष्णवर्णीयांची वाटणारी नावे असलेल्यांपेक्षा ५० टक्के अधिक वेळा बोलावणे आले. हा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणून ७० अर्जांना उत्तर न आलेल्या मुलीला ‘तुझ्या अर्जात काय चुकते ते बघ’ असे सांगताना, सगळा दोष तिचाच आहे असे तिला वाटणार नाही याचीही आपण काळजी घेतली पाहिजे.

आणि ओळखी जमवण्याचा भार एकट्या विद्यार्थ्यावर का टाकावा? माजी विद्यार्थ्यांची यादी महाविद्यालयाकडे असते, प्राध्यापकांच्या ओळखी असतात. पण त्या वर्गातल्या दोन-चार बोलक्या मुलांनाच मिळतात. शिक्षकाने आपल्या दहा परिचितांची परवानगी घेऊन ती नावे फळ्यावर लिहिली, तर मागच्या बाकावरच्या मुलालाही ती मिळतील.

शिफारसपत्राचेही तसेच आहे. दक्षिण आफ्रिकेत झालेल्या एका प्रयोगात, आधीच्या मालकाचे पत्र अर्जाला जोडल्यावर बोलावणी ६० टक्क्यांनी वाढली. तरीही असे पत्र मागायचे असते हेच बहुतेकांना माहीत नसते. सुट्टीत दोन महिने कोणाकडे हिशेब लिहिले असतील, लहान मुलांना शिकवले असेल, सामानाची मोजदाद केली असेल, तर ते काम सोडतानाच पत्र मागून घ्यावे. वर्षभराने मागितले की देणाऱ्याला तपशील आठवत नाहीत आणि मग पत्रात पुन्हा ती विशेषणेच येतात, ज्यांचा उल्लेख मेजापलीकडून यांनी केला आहे.

वाटाड्या

समतोल, आपला आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. परिचितांची नावे फळ्यावर लिहिण्याची कल्पना याच आठवड्यात अमलात आणतो.

एक_पाऊल_मागे

एक महत्त्वाची गोष्ट कोणी अजून लिहिली नाही म्हणून थोडक्यात लिहितो. शोध लांबला की मुले पैसे देऊन नोकरी मिळवायला तयार होतात. माझ्या धाकट्या भावाने एका मध्यस्थ संस्थेला ‘नोंदणी’, मग ‘प्रशिक्षण’, मग ‘पडताळणी’ अशा नावांखाली तीन वेळा पैसे दिले. नोकरी नव्हतीच. पैसे गेले त्याहून वाईट हे झाले की लाजेने त्याने ते चार महिने कोणालाही सांगितले नाही.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या करारातील सातवे कलम म्हणते की खाजगी रोजगार संस्थांनी कामगारांकडून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे, पूर्ण वा अंशतः शुल्क घेऊ नये. काही अपवादांना त्यात वाव आहे आणि सर्वच देशांनी तो करार स्वीकारलेला नाही, पण विद्यार्थ्यांना सांगण्यासाठी तेवढे तत्त्व पुरेसे आहे: माणूस शोधून देण्याचे पैसे ज्याला माणूस हवा त्याने द्यायचे असतात. मुलाखतीआधीच आलेले नियुक्तिपत्र, ‘आजच्या आज भरा’ अशी घाई, मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेण्याची मागणी, संस्थेऐवजी एखाद्याच्या वैयक्तिक खात्यावर पैसे पाठवायला सांगणे, यांपैकी काहीही दिसले तर तिथेच थांबावे आणि संस्थेच्या अधिकृत क्रमांकावर स्वतः विचारणा करावी. आणि फसवणूक झालीच, तर घरच्यांनी आधी ऐकून घ्यावे. रागवायला नंतर वेळ असतो.

चिंतित_पालक

माझा मुलगा पदवीनंतर ७ महिने घरी आहे. मी रोज संध्याकाळी विचारते की आज काय झाले. गेल्या महिन्यापासून त्याने उत्तर देणेच बंद केले आहे. विचारले नाही तर तो काहीच करणार नाही अशी भीती वाटते. शिवाय त्याच्या शिक्षणापेक्षा कमी दर्जाचे एक काम मिळते आहे. ते घ्यावे की थांबावे?

मेजापलीकडून

ताई, तुमची काळजी मी समजू शकते. रोजचा प्रश्न मात्र थांबवावा असे मला वाटते. उत्तरे येणे उमेदवाराच्या हातात नसते, पाठवणे असते. ‘काय झाले’ असे रोज विचारले की जे त्याच्या हातात नाही त्याचाच त्याला रोज जाब द्यावा लागतो. आठवड्यातला एक दिवस आणि वेळ दोघांनी मिळून ठरवा, आणि त्या दिवशी ‘या आठवड्यात काय पाठवलेस, पुढच्या आठवड्यात कोणत्या दिवशी काय करणार आहेस’ एवढेच बोला. दक्षिण आफ्रिकेतच तरुण बेरोजगारांवर झालेल्या आणखी एका प्रयोगात, कोणत्या दिवशी, किती वाजता आणि काय करणार हे लिहून काढायला लावल्यावर अर्जांची संख्या १५ टक्क्यांनी वाढली आणि नोकरीचे प्रस्ताव ३० टक्क्यांनी. शोधाला दिलेला वेळ मात्र वाढला नव्हता. त्याच वेळेत जास्त काम झाले.

कमी दर्जाच्या कामाबद्दल माझे मत अनेकांना पटणार नाही. ते काम घेतल्यावर आठवड्यात ५-६ तास शोधासाठी उरत असतील आणि त्यात त्याच्या विषयाशी जोडता येईल असे थोडे तरी काही असेल, तर घ्यावे. ते काम त्याचा सगळा दिवस आणि सगळी शक्ती खाणार असेल, आणि घरची स्थिती थांबू देत असेल, तर आणखी थोडे थांबावे. घरात पैशाची निकड असेल तर काम घेणे योग्यच आहे, आणि त्यात कमीपणाचे काही नाही.

दुवा

याला एक पुस्ती जोडतो. कॅनडातील पदवीधरांचा फिलिप ओरिओपोलस आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. मंदीत पदवी घेणाऱ्यांची मिळकत सुरुवातीला बरीच कमी राहते आणि ही तूट भरून यायला सुमारे १० वर्षे लागू शकतात, असे त्यांना दिसले. ज्यांची तूट भरली ते बहुधा लहान किंवा कमी वेतन देणाऱ्या संस्थेत सुरुवात करून पुढे अधिक चांगल्या संस्थांत गेलेले लोक होते. म्हणून खालच्या पायरीवर सुरुवात करणाऱ्याला मी एकच सांगतो: शोधाची वही बंद करू नकोस. पहिल्या दिवसापासून काय शिकलो ते तारखेसह लिहीत जा, दुसऱ्या नोकरीचा अर्ज त्यातूनच तयार होतो.

नवी_पालवी

सर्वांचे मनापासून आभार. २ आठवड्यांनी लिहिते आहे. माझ्यासारख्याच तिघींना मी विचारले आणि आम्ही चौघी आता दर बुधवारी एकत्र बसतो. पहिल्या बुधवारी ‘किती अर्ज केले’ हे मोठ्याने वाचताना आवाज कापत होता. मग कळले की एका मैत्रिणीने ११० अर्ज केले होते आणि तिने ते घरी सांगितलेच नव्हते.

बायोडेटात मी ‘ग्रंथालयात स्वयंसेवक म्हणून योगदान’ असे लिहिले होते. तिघींनी मला तासभर प्रश्न विचारले आणि आता ते वाक्य असे झाले आहे: ‘दोघींच्या गटात ४ महिन्यांत १२०० पुस्तकांच्या नोंदी वहीतून संगणकावर आणल्या, जागेवर नसलेली ३८ पुस्तके शोधून यादी ग्रंथपालांना दिली.’ आधी मी ‘दोघींच्या गटात’ हे शब्द गाळले होते. माझ्यासोबत ते काम केलेली मैत्रीण समोरच बसली होती, त्यामुळे ते लगेच परत आले.

दुवा यांचा मजकूर थोडा बदलून मी पाच जणींना पाठवला. दोघींनी उत्तर दिले. त्यांतल्या एका ताईंशी उद्या ११ वाजता १५ मिनिटे बोलायचे आहे. मी दोन प्रश्न लिहून ठेवले आहेत: पहिल्या ६ महिन्यांत तुम्हाला सर्वांत अवघड काय गेले, आणि आज कोणाला निवडायचे झाले तर त्या व्यक्तीला आधीपासून काय येत असावे असे तुम्हाला वाटते. तिसरा प्रश्न कोणता विचारावा हे कोणी आज रात्रीपर्यंत सुचवू शकेल का?

वाटाड्या

‘या विषयावर मी आणखी कोणाशी बोलावे असे आपल्याला वाटते?’ हा विचारा. आणि शेवटची २ मिनिटे त्यासाठी राखून ठेवा.